गुडलूरमार्गे

तुम्ही त्याला खुर्चीत बसवलंत. पाय चेंगरलेला माणूस उचलून आणायला लावलात, त्याचं बोट हजेरीच्या मशीनवर टेकवलंत आणि गेटावरच्या फळ्यावरचा आकडा दहा हजारांनी पुढे सरकवलात. तुम्ही म्हणजे कोण, असं साळसूदपणे विचारू नका. त्या फळ्याचा फोटो रोज सकाळी सातला ज्यांच्या टेबलावर जात होता, ते तुम्ही.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी बिरकत अल अवामेरच्या कॅम्पवरून आलेली बस गेटापाशी थांबली. आधी धडधाकट माणसं उतरली. मग दोघांनी मिळून कासमला खाली घेतलं, एकानं बगलेत हात घालून, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. उजव्या पायाला घोट्यापर्यंत बँडेज होतं आणि त्यावर धूळ लागू नये म्हणून किराणा दुकानाची पिशवी बांधलेली.

"यल्ला, यल्ला!" फोरमन नसरुद्दीन मागून ओरडला. "दूल्हा आया है क्या? पहले पंच कराओ."

माणसं हसली. कासमही हसला. मशीनपाशी तनवीर उभा होता. त्यानं कासमचं मनगट धरलं, अंगठ्याशेजारचं बोट काचेवर टेकवलं. मशीननं हिरवा दिवा दाखवून माणूस हजर असल्याचं मान्य केलं.

तनवीर श्रीवर्धनचा. सेफ्टी विभागात कारकून, दोह्यात नववं वर्ष. विश्वचषकाला पाच वर्षं उरली होती आणि हे काम स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याखालच्या पावसाळी गटाराचं होतं. साइटवर हजार माणसं, रोजचे दहा तास. म्हणजे दिवसाला दहा हजार तास फळ्यावर चढायचे. एकही दिवस वाया घालवणारी दुखापत न होता पन्नास लाख तास झाले की कंपनीचं नाव होणार होतं, पुढचं कंत्राट मिळणार होतं आणि समैस्माच्या किनाऱ्यावर एक व्हिला भाड्यानं घेऊन जेवण होणार होतं. दहा दिवस उरले असताना क्रेनच्या पट्ट्यातून सळ्यांचा भारा निसटला. कासमच्या बुटाची लोखंडी टोपी दबली आणि बोटांत घुसली.

आता नियम बघा. माणसाला लागलं आणि त्यामुळे एक दिवस जरी तो कामावर आला नाही, तर फळा पुसून शून्यावर येतो. तो आला, तर दुखापत मोजतच नाहीत, नुसता प्रथमोपचार. तो चालत आला की उचलून आणला, याचा रकाना फॉर्मवर नाही.

म्हणून कासमला आणत होते.

पहिल्या दिवशी सकाळभर तो सेफ्टी विभागाच्या पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तयार खोलीत, नुसता बसून राहिला. पाय दुसऱ्या खुर्चीवर. दुपारी कन्सल्टंटचा इन्स्पेक्टर डोकावला आणि याचं काम काय म्हणून विचारून गेला. काम नसलेला हजर माणूस म्हणजे लपवलेली दुखापत, हे तपासणाऱ्यालाही कळत होतं.

त्याच दिवशी तासाभरानं देवव्रत साहेब फोनवर बोलत बोलत आत आले. प्रोजेक्टचा सेफ्टी मॅनेजर, पुण्याचा, वय पंचेचाळीस, कधी आवाज न चढवणारा माणूस. पलीकडे त्यांची बायको होती आणि फोन स्पीकरवर.

"नुपूर, अगं मी नकाशावर बघितलंय. मैसूर ते उटी, मसिनगुडीवरून जवळ पडतं. घाट भारी आहे म्हणतात."

"भारी म्हणजे? ईराला वळणावर त्रास होतो, विसरलास? मुन्नारला माझ्या ओढणीचं काय झालं होतं?"

"मग काय, गुडलूरवरून? तीस-पस्तीस किलोमीटर जास्त आहे."

"साब," खुर्चीतून आवाज आला, "मसिनगुडी मत जाओ."

देवव्रत वळले. पिशवी बांधलेला पाय त्यांनी पाहिला आणि नजर वर उचलून चेहऱ्यावर नेली.

"छत्तीस हेअरपिन है उधर," कासम म्हणाला. "ब्रेक गरम होगा, बच्चा उल्टी करेगा, मॅडम आँख बंद करके बैठेगी. देखेगा कौन? गुडलूर से जाओ. नडुवट्टम, पैकारा. रास्ता लंबा है, लेकिन रास्ता दिखता है."

"तुला कसं रे माहीत?"

"ग्यारह साल टॅक्सी चलाया, साब. मैसूर-उटी. मेरा घरही गुडलूर है."

फोनमधून नुपूर म्हणाली, "कोण आहेत ते? एजंट? त्यांना विचार ना, चहाचे मळे कुठल्या बाजूला दिसतात, म्हणजे ईराला त्या खिडकीशी बसवते."

"जाते वक्त दोनों बाजू, मॅडम," कासमनं थेट फोनला सांगितलं. "लेकिन आप बायें बैठो. बायें घाटी है."

"किती गोड बोलतात! देवव्रत, टिप दे हं त्यांना."

तेवढ्यात तनवीरच्या डोक्यात ती गोष्ट आली. पुढे कित्येक दिवस तो स्वतःला हेच विचारत राहिला, की आपल्यालाच का सुचलं. साहेब फोन ठेवून निघाले तसा तो दारापर्यंत मागे गेला.

"साहेब, ह्यालाच द्या ना हे काम. रस्ता काढायचं. लाइट ड्यूटी म्हणून दाखवता येईल. वाहतूक मार्ग नियोजन."

"गंमत करतोस?"

"गंमत नाही. इन्स्पेक्टर आला तर कागद हवा. रोज एक कागद, खाली त्याची सही आणि तारीख. बसून काम करतोय, डोकं शाबूत आहे, असं दिसेल. आणि त्याचाही वेळ जाईल एसीत."

देवव्रतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू वाया चाललायस कारकुनीत."

खरं सांगायचं तर तनवीरला त्या दिवशी बरं वाटलं. एका माणसाला उन्हातून आत आणलं, त्याच्या आवडीचं काम दिलं, साहेबाचंही भलं झालं. घरी जाताना त्यानं फरीज बिन ओमरानच्या नाक्यावरून बायकोसाठी कलिंगड घेतलं.

कासम जुन्या ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढायचा. आधी रेघ, मग तिच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी मोठी अक्षरं, स्पेलिंग कानाला वाटेल तसं. पहिल्या कागदावर दोन्ही रस्ते होते आणि मसिनगुडीवर फुली. दुसऱ्यावर नंजनगूड ते गुंडलूपेट, सूर्यफुलांची शेतं कुठे लागतात, फोटोसाठी गाडी कुठे उभी केली तर शेतकरी पैसे मागतो आणि कुठे मागत नाही. तिसऱ्यावर बंदीपूरचं जंगल. तिथे त्यानं लिहिलं होतं, की गाडी थांबवू नका, काच खाली घेऊ नका, हत्ती रस्त्यात असेल तर हॉर्न वाजवू नका. तो जाईपर्यंत थांबा, रस्ता त्याचा आहे.

"हे ईराला दाखवतो," साहेब म्हणाले. "छान लिहिलंय. पैकाराला जेवायला कुठे, तेही काढ."

"साब, दिवाली में मेरा भी छुट्टी है. मैसूर स्टेशन पे मैं खुद गाडी लेके खडा रहूँगा. मेरे भाई की इनोव्हा है. मॅडम को बोलो, डरने का नहीं."

"इन्शाल्ला," देवव्रत म्हणाले.

तनवीरनं कागदावरून मान वर केली नाही. आखातात साहेब लोक 'नाही' म्हणायच्या ऐवजी हा शब्द कसा वापरतात, ते त्याला ठाऊक होतं. त्याची आई तोच शब्द उच्चारताना डोक्यावर पदर घ्यायची.

सुट्टीची मेख इथेच होती. कासमचा अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होता. कंपनीनं परवानगी दिल्याशिवाय माणूस देशाबाहेर पाऊल टाकू शकत नव्हता आणि त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की दहा दिवस शांतपणे काढ, मग सही होईल. सरकारी दवाखान्यात गेलास तर तिथे पहिला प्रश्न विचारतात, कुठे लागलं. मग चौकशी, मग दिवाळी विसर. कोणी सांगितलं? नसरुद्दीननं सांगितलं. नसरुद्दीनला कोणी सांगितलं? तिथून वर शिडी आहे, आणि शिडीच्या वरच्या टोकाला तुम्ही आहात.

पाचव्या दिवशी साइटवरचा नर्स फजल पट्टी बदलायला आला. चिपळूणकडचा, फटकळ. त्यानं बँडेजचे दोन वेढे सोडले आणि हात थांबवला.

"तनवीरभाई, इकडे या."

तनवीर गेला. बघून त्यानं तोंड फिरवलं.

"काल करंगळीच काळी होती," फजल मराठीत म्हणाला, कासमला कळू नये म्हणून. "मी नर्स आहे, रंगारी नाही. हा रंग माझ्या गोळ्यांनी जायचा नाही. याला न्या."

"तुझ्या वहीत काय लिहिलंस?"

"जे लिहायला सांगितलंय ते. प्रथमोपचार. तुम्ही तुमच्या वहीत काय लिहिलंय?"

तनवीरच्या वहीत लिहिलं होतं: कार्यालयीन काम, प्रकृती ठीक.

"क्या बोलता है डॉक्टर?" कासमनं विचारलं.

"आराम करने को बोलता है."

"वही तो कर रहा हूँ," कासम म्हणाला आणि पेन्सिलला टोक काढायला लागला.

तनवीर संध्याकाळी साहेबांकडे गेला. देवव्रतांनी ऐकून घेतलं, डोळे चोळले. "मला काय आनंद होतोय का रे? पण पाचच दिवस राहिलेत. आज शून्य झालं तर हजार माणसांचा बोनस गेला. एकासाठी हजारांचं नुकसान? अँटिबायोटिक दे म्हणावं फजलला. मी बाहेरून मागवतो, माझ्या पैशांनी." आणि खरंच मागवल्या. त्या गोळ्यांचं पाकीट तनवीरनं स्वतः कासमच्या हातात दिलं.

सहाव्या दिवशी घरी बायकोनं, सुरय्यानं, तनवीरचा शर्ट धुवायला घेतला आणि नाकापासून लांब धरला.

"अहो, कसला वास येतोय ह्याला? काही मेलंय का तुमच्या हपिसात?"

"गटाराचं काम आहे," तो म्हणाला.

"गटाराचा वास मला माहितीय. नऊ वर्षं तुमचे कपडे धुतेय मी."

त्यानं शर्ट तिच्या हातातून घेतला आणि स्वतः बादलीत बुडवला. दोन्ही मुलं आतल्या खोलीत इंग्रजी शाळेचा अभ्यास करत होती. त्यांची फी, हे घर, तिचा व्हिसा, सगळं त्या एका नोकरीच्या खुंटीला टांगलेलं होतं. सुरय्या उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

सातव्या दिवशी कासमनं एसी बंद करायला सांगितला. आठव्या दिवशी तो जॅकेट घालून बसला. पण कागद चालूच होते. तनवीर ते घ्यायचा, सही-तारीख आहे ना एवढं बघायचा आणि फाइलमध्ये लावायचा. पाठीमागे त्या खुर्चीचा आवाज येत राहिला, तरी तो वळून बघायचं टाळायला शिकला होता. साहेबही आता दारातूनच विचारायचे.

नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला. तनवीर वळला. कासम खुर्चीत तिरका झाला होता. डोळे उघडे, ओठ पांढरे, अंग तव्यासारखं.

"कासम. ए कासम!"

"हो गया, भाई," कासम पुटपुटला आणि कागद पुढे सरकवला. "साइन कर दिया."

तनवीरनं कागद फाइलमध्ये कोंबला आणि फोन लावला.

"साहेब, हा शुद्धीत नाही. मी गाडी घेतोय."

पलीकडून देवव्रतांचा नेहमीचा मऊ आवाज. "किती वाजलेत? तीन. पाचला पंच आउट होतं. मधेच बाहेर पडला तर सिस्टिममध्ये दिवस अर्धा पडतो, तनवीर. दोन तास. फजलला सलाइन लावायला सांग. पाचला पंच करून घे आणि मग माझी गाडी घेऊन जा, ड्रायव्हरसकट."

इथे तनवीरनं फोन आपटला, गाडी काढली, असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. त्यानं वाट पाहिली. फजलनं सलाइनची बाटली खिडकीच्या कडीला अडकवली आणि दोघंही घड्याळाकडे बघत बसले. पाचला तनवीरनं मशीन भिंतीवरून काढून खुर्चीपाशी आणलं आणि कासमचं गरम बोट काचेवर टेकवलं. पहिल्यांदा लाल दिवा लागला. बोट घामानं ओलं होतं. तनवीरनं ते आपल्या शर्टाला पुसलं आणि पुन्हा टेकवलं.

सरकारी दवाखान्यात त्याच रात्री गुडघ्याच्या वरून पाय काढला. उजवा, ॲक्सिलरेटरचा आणि ब्रेकचा.

दुसऱ्या दिवशी कासमच्या नावापुढे आजारपणाची रजा लागली आणि पन्नास लाख तास झाले. त्याच आठवड्यात समैस्माला जेवण झालं, केकवर हेल्मेट काढलं होतं. तनवीरला प्रशस्तिपत्रक मिळालं. त्यानं ते गाडीच्या सीटखाली सरकवलं.

दवाखान्यातून पत्र यायला दहा दिवस गेले. इजा कधीची, कुठे झाली, माणूस इतके दिवस कुठे होता. देवव्रतांनी तनवीरला बोलावून घेतलं. टेबलावर उत्तराचा मसुदा तयार होता. शेजारी विमानाच्या तिकिटांचं पाकीट. परवा सकाळी त्यांचं कुटुंब बंगळूरला निघत होतं.

"वाच," ते म्हणाले.

तनवीरनं वाचलं. सदर कामगार कॅम्पच्या न्हाणीघरात रात्री घसरून पडला. तत्पूर्वी त्याच्या पायाला किरकोळ खरचटलेलं होतं. तो सलग नऊ दिवस कामावर हजर होता व पूर्ण शुद्धीत, समाधानकारकरीत्या कार्यालयीन काम करत होता. पुरावा म्हणून त्याच्या हस्ताक्षरातील, त्याच्या सहीचे व तारखेचे नऊ कागद सोबत जोडले आहेत. खाली दोन सह्यांची जागा होती. एक साहेबांची. दुसरी तनवीरची.

"तुझ्यामुळे वाचलो बघ," देवव्रत म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी कृतज्ञता होती. "कागद हवा म्हणालास तेव्हा मला हसू आलं होतं. आज तेच कामाला आलं. तेवढे नऊ कागद क्रमानं लाव, नंबर टाक, शिक्के मार. खलास."

"आणि कासम?"

"त्याला पाठवू ना घरी. तिकीट देऊ. त्याच्या अर्जावर मी सही केलीय." त्यांनी ड्रॉवर उघडून दाखवलाही. "तनवीर, मी राक्षस नाही. पण कामावर लागलं असं लिहिलं, तर तू आणि मी दोघंही खोटं रेकॉर्ड केल्याबद्दल आत जाऊ. तुझी पोरं आहेत. माझी ईरा आहे. विचार कर."

तनवीर फाइल घेऊन समोरच बसला. शिक्क्याचं पॅड उघडलं. एक, मसिनगुडीवर फुली. दोन, सूर्यफुलं. तीन, हत्ती. चार, पाच, थेप्पकाडूचा पूल, तिथून उजवीकडे गुडलूरचा फाटा. सहा, निलगिरीची झाडं, मॅडमनी डावीकडे बसावं. सात, पैकाराचं तळं. अक्षरं थोडी मोठी झालेली. आठ, पुन्हा पैकाराचं तळं, पण आता उटीच्या अलीकडे नव्हे, पलीकडे.

नववा कागद त्यानं तेव्हा न बघताच कोंबला होता. तो दुमडलेला होता. त्यानं तळहातानं सरळ केला.

रेघ मैसूरहून नीट निघत होती. गुंडलूपेट. बंदीपूर. पूल. उजवीकडे वळून गुडलूर. तिथून ती वर घाटाला लागायला हवी होती. ती बसस्टँडमागे वळली होती. मशिदीच्या भिंतीला लागून दुसरी गल्ली. शिंप्याचं दुकान, इथे गाडी आत जात नाही, इथे उतरा. अकरा पायऱ्या. पाचवी तुटलीय, पाय जपून. हिरवं दार. मॅडमला सांगा घाबरू नका. अमिनाला हाक मारा, ती आत आहे, तिला ऐकू कमी येतं, दोनदा हाक मारा. त्यापुढे रेघ नव्हती. उरलेला अर्धा कागद कोरा होता आणि त्याच्या तळाशी, सांगितल्याप्रमाणे, सही आणि तारीख.

शिक्का तनवीरच्या हातात होता. शाई सुकत आली.

"झालं?" देवव्रतांनी विचारलं. त्यांचं लक्ष फोनवर होतं. नुपूरनं स्वेटर किती घ्यायचे म्हणून विचारलं होतं.

तनवीरनं शिक्का पॅडमध्ये ठेवला, झाकण लावलं. नववा कागद उचलून त्यानं तिकिटांच्या पाकिटावर, साहेबांच्या बरोबर समोर, सुलटा करून ठेवला.

"काय हे?"

"त्याचं काम. ज्या दिवशी पाय काढला, त्या दिवसाचं. तुम्ही लिहिलंय, पूर्ण शुद्धीत होता, समाधानकारक काम करत होता."

"बरं मग?"

"तुम्ही त्याला मैसूर ते उटी रस्ता काढायला सांगितला होता."

देवव्रतांनी कागदाकडे बघितलं. आधी वरवर, मग चष्मा लावून. त्यांचं बोट रेघेवरून सरकत गेलं, पूल ओलांडून उजवीकडे वळलं, बसस्टँडमागे गेलं आणि हिरव्या दारापाशी थांबलं. फोन वाजत राहिला. त्यांनी तो उचलला नाही.

"तनवीर, हा एक कागद आपण काढून टाकू. आठच जोडू."

"मी सही करतो, साहेब," तनवीर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "पेन माझ्याकडे आहे. पण आधी एवढं मला दाखवा. बोट ठेवून दाखवा. यात उटी कुठाय?"